वीतभर ओल

सकाळी साडेआठला मी अंगणात पर्जन्यमापकापाशी असते. पाऊस असो वा नसो. वैशाखात नळी कोरडी ठणठणीत असते, तळाशी एखादं कडुनिंबाचं पान पडलेलं असतं. ते काढते आणि वहीत शून्य लिहिते. हवामान खात्याच्या देशभरातल्या केंद्रांवर याच वेळी आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. हे कळल्यापासून मी ही वेळ पाळत आले. पेपर तपासायचे असोत, घरात पाहुणे असोत की मन कशातच लागत नसो, साडेआठला उठून बाहेर जायचं आणि वर बघायचं. वर बघितल्यावर आत जाते ती बाई थोडी वेगळी असते, हे मी इतक्या वर्षांत अनेकदा अनुभवलं आहे.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. सासर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या काठी. म्हणजे एका घरात पावसाची वाट बघायची आणि दुसऱ्या घरात त्याची धास्ती घ्यायची. दोन्ही घरं माझीच.

1972च्या दुष्काळात मी जेमतेम वर्षाची होते. आई खडी फोडायला जायची आणि शेजारच्या बाभळीला माझी झोळी बांधायची, हे तिनेच पुढे सांगितलं. मला आठवतात ते नंतरचे आबा, माझे वडील. वळीव होऊन गेला, मातीचा वास सुटला की आम्ही पोरं गारा वेचायला पळायचो आणि आबा खुरपं घेऊन रानात जायचे. एका जागी माती उकरायची, ओली माती संपून कोरडी कुठे लागते ते बघायचं आणि तिथे बोटं आडवी धरायची. “चार बोटं गेलीया,” एवढंच म्हणायचे. चार बोटांवर पेरणी होत नाही. वीतभर ओल गेली की मग घरात बियाण्याची गोष्ट निघायची. माळाच्या रानात वेगळं उकरायचं, ओढ्याकडच्या काळ्या रानात वेगळं, कारण एकच पाऊस दोन मातींत वेगवेगळा मुरतो. आता भूगोल शिकवायला लागून तीस वर्षं होत आली, तरी मला वाटतं की आबांच्या मोजणीत माझ्या नळीपेक्षा एक गोष्ट जास्त होती. नळी किती पडला ते सांगते. आबांची बोटं किती राहिला ते सांगायची.

लग्नानंतर सांगलीत आले आणि इथे पाऊस फुटांत मोजतात हे पाहिलं. फूट पावसाचे नव्हेत, नदीचे. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका. सासूबाईंना पंचांगातली नक्षत्रंही पाठ आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, असं त्या अगदी घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. पण आश्लेषा लागली की त्यांचं लक्ष आभाळावरून उडून घाटाच्या पायऱ्यांवर जातं. 2005च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं, घरात शिरलं, आणि ओसरल्यावर आम्ही चिखल काढत होतो तेव्हा मी त्यांना म्हटलं, “आई, पाऊस एवढा कुठे पडला हो इथे?” त्या म्हणाल्या, “इथला पाऊस नाहीच हा. वरचा आहे.”

ते वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढच्या जूनमध्ये मी मोजायला सुरुवात केली. पहिलं साधन म्हणजे सरळ भिंतीची काचेची बरणी आणि बाहेरून चिकटवलेली पट्टी. भांडं तोंडापासून तळापर्यंत सारख्याच रुंदीचं असेल तर ते लहान की मोठं याने फरक पडत नाही, पाण्याची उंची तेवढीच येते. मुलांना हे आधी पटत नाही. मग आम्ही पेला आणि डबा शेजारी ठेवतो, पावसात भिजतो, आणि दोन्हीतलं पाणी सारखंच चढलेलं बघून वर्गात जो गलका होतो तो मला फार आवडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मग कोणी तरी आपल्या शाळेच्या पत्र्यावर किती लिटर पडलं ते काढतं, आणि तो तास कधी संपला ते कळत नाही.

माझ्या प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं आभाळाची असतात. तासगावकडून येणारी मुलं ढग बघून थेट बेदाण्याचं बोलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असतात, कोरडी हवा हवी असते, आणि एक ढगाळ दिवससुद्धा त्यांच्या घरात जाणवतो. ऑक्टोबरमध्ये छाटणीनंतर धुकं पडलं की तीच मुलं डोळे चोळत येतात, कारण घरचे पहाटे फवारणीला उठलेले असतात. लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने 1802 साली ढगांना लॅटिन नावं दिली आणि ती जगभर रुजली, हे मी त्यांना सांगते. हौसेने आभाळ बघणारा साधा माणूस होता तो. त्यांच्या घरांतली नावंही मी फळ्यावर लिहून घेते. झड, भुरभुर, उघडीप, आडवा पाऊस.

आणि दरवर्षी जुलैत एक प्रवास. महाबळेश्वरपासून एसटीने खाली माहेरापर्यंत. मुलांना एकदा तरी न्यावा असा हा प्रवास आहे. महाबळेश्वरात ढग डोक्यावर नसतो, अंगावरून जातो. भुवया ओल्या होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2012 पासून ढगांच्या अभ्यासासाठी तिथे प्रयोगशाळा चालवली आहे. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीची भिंत चढतो, चढताना थंड होतो आणि तिथेच आपलं ओझं टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग एसटी पाचगणी सोडून पसरणी घाट उतरते, खाली वाई दिसते, पावसाचे थेंब बारीक होतात. साताऱ्यात छत्री मिटते. पुसेगावच्या पुढे खिडकीतून धूळ येते. वारा उतरताना तापतो आणि कोरडा होतो, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. इथे ती ओळ गालाला लागते. दहिवडीला उतरावं तर वर तेच ढग पळत असतात, पण रिकामे. माणला खरा पाऊस मिळतो तो परतीचा, भाद्रपद-आश्विनात, तोही पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि चुकला तर वर्ष गेलं.

2019चा ऑगस्ट. धाकट्या भावाचा रोजचा फोन असतो, पहिला प्रश्न ठरलेला. “आक्का, किती झाला तिकडं?” त्या आठवड्यात त्याच्या गावाला अजून टँकर येत होता आणि माझ्या दारात नदी आली होती. आमच्या नळीतला पाऊस पूर आणण्याइतका मुळीच नव्हता. सासूबाईंचा तो वरचा पाऊस कोयनेतून आणि कृष्णेतून उतरत होता, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकत्र होऊन. आमच्या खाली हरिपूरला वारणाही त्यात मिळत होती. आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्हाला होडीतून बाहेर काढलं तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातले देव पदरात बांधून घेतले होते. होडीत पाय ठेवण्याआधी त्या मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, “वह्या घेतल्यास का गं?” तेरा पावसाळ्यांच्या वह्या. घेतल्या होत्या.

परत आलो तेव्हा पर्जन्यमापक गाळाने गच्च भरलेला होता. त्या दिवसांच्या रकान्यात मी अंदाजाचा आकडा घातला नाही. “मोजता आला नाही” असं लिहिलं. आणि वहीत तीन नवे रकाने आखले: कोयना, नवजा, महाबळेश्वर. वरचा पाऊस रोज सकाळी बघायचा, कारण आमचं घर त्याच्या वाटेत आहे.

23 जुलै 2021च्या सकाळी महाबळेश्वरच्या रकान्यात मी 594 लिहिलं. एका दिवसाचा पाऊस. पेन थांबलं. भावाचा फोन आला, मी आकडा सांगितला. तो बराच वेळ बोललाच नाही. त्याच्या रानावर अख्ख्या वर्षात एवढा पडला तर ते साल माणसं नावाजतात. आदल्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले होते, हे थोड्या वेळाने कळलं. त्या दिवशी मला पावसाबद्दल प्रेम वाटत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी त्याच्याकडे बघत होते, त्यामुळे हात रिकामे नव्हते. दुपारच्या आत आम्ही धान्य, कागदपत्रं, गाद्या वर नेल्या, शेजारच्या दोन घरांनाही हलवलं. पाणी आलं, पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेलं. या वेळी आम्ही आपल्या पायांनी बाहेर पडलो होतो.

आता सासूबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी वही घेऊन आत आले की पावलं ओळखतात. “नवजाला किती?” मी आकडा वाचते, त्या मनाशी हिशोब करतात, मग चहा घेतात. पावसाळ्यात आमच्या घरात चहाच्या आधी नवजा असतं.

आबा गेले तेव्हा मार्गशीर्ष होता. त्या दिवसाच्या ओळीत शून्य आहे, पुढे लिहिलंय, “आभाळ निरभ्र, पहाटे थंडी.” भावाला मी एक पर्जन्यमापक नेऊन दिला, त्याने तो गोठ्याच्या कुंपणाशी, उघड्यावर रोवला आहे. हस्त नक्षत्रात रात्रभर त्याच्याकडे पाऊस झाला तेव्हा सकाळी साडेआठला मी इथे नळीपाशी उभी होते, इथे जेमतेम दोन मिलिमीटर. फोन वाजला.

“किती रे?”

“वीतभर गेलीया, आक्का. माळाच्या रानात बी.”

“आणि नळीत?”

“थांब, बघून येतो,” म्हणाला, आणि त्याच्या पायाखालचा चिखल मला फोनमधून ऐकू आला.