डोंगरावरचं काऊबॉय गाव

आपल्या डोंगरावर थीम पार्क होणार म्हणून आठवडाभर ग्रुपवर पेढे वाटणं चाललंय. वाटा. तोवर मी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतली आहे, पण गाव आपल्याहून लहान.

नॉर्थ कॅरोलायनातलं मॅगी व्हॅली. आर. बी. कोबर्न नावाच्या माणसाने तिथल्या डोंगराचा माथा सपाट करून १९६१ मध्ये ‘घोस्ट टाऊन इन द स्काय’ उघडलं. साधारण ४,६०० फुटांवर अख्खं खोटं काऊबॉय गाव: गुत्ता, तुरुंग, भर रस्त्यात पिस्तुलांची लढाई, रोज, ठरलेल्या वेळी. वर जायला चेअरलिफ्ट, नाहीतर उतारावरची छोटी रेल्वे. १९८८ मध्ये रोलर कोस्टरही आला. खालची मोटेलं, खानावळी, पोरांच्या उन्हाळी नोकऱ्या, सगळं त्या डोंगराच्या जिवावर.

मग सामान जुनं झालं. २००२ मध्ये चेअरलिफ्ट अडकून माणसं तासन्‌तास हवेत लटकली आणि पार्कला कुलूप लागलं. २००७ मध्ये नव्या मालकांनी ते उघडलं, २००९ मध्ये दिवाळखोरी.

इथपर्यंत ही कुठल्याही बुडालेल्या धंद्याची गोष्ट. (भुतांचं गाव खरंच भुतांचं झालं, हा विनोद सगळ्यांचा करून झालाय.) मी अडकतो ते फेब्रुवारी २०१० पाशी. पार्कची संरक्षक भिंत ढासळली आणि चिखल, झाडं, दगड यांचा लोंढा खालच्या वस्तीवर आला. नशिबाने कुणाचा जीव गेला नाही. पण घरांचं नुकसान झालं, लोकांना रातोरात घराबाहेर पडावं लागलं. मालक तेव्हा दिवाळखोरीच्या कोर्टात. तिकीट खिडकी बंद, डोंगर मात्र चालूच!

२०१२ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या अलास्का प्रेस्ली बाईंनी पार्क लिलावात घेतला. हौस दांडगी. २०२२ मध्ये त्याही गेल्या, पार्क काही पुन्हा धड उभा राहिला नाही.

आता आपलं. घोषणेच्या कागदात रोजगार आहे, सेल्फी पॉइंट आहे. माथा कापल्यावर पावसाचं पाणी कुठून उतरणार? भिंत कोण बांधणार? आणि पार्क बुडाला तर ती कोण सांभाळणार? हे मी दोनदा विचारलं. ‘डीपीआरमध्ये येईल’ एवढंच उत्तर मिळालं. डीपीआरसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय.

डोंगराखालच्या वाडीतल्यांनी स्वतःचाही एकेक अर्ज द्यावा. नमुना माझ्याकडे आहे, इनबॉक्समध्ये मागा.