तीन गोळे

'आराम करा' हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त औषध. पेशंटला भेटायला येणारा प्रत्येकजण ते देऊन जातो. मीही दिलं, आणि चांगलंच महागात पडलं.

सेकंड इयरला असताना बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आतड्याला छिद्र पडलं होतं. मुदखेडला आमची काकडा-मोगऱ्याची शेती. पहाटे उठून फुलं तोडणारा माणूस नांदेडच्या दवाखान्यात निपचित पडलेला पाहून मी हादरलोच. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या. "चला काका, उठून बसायचं." आत्या कडाडली, "टाके तुटतील की ओ बाई!" बाबा कण्हत होते. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मॅडम, राहू द्या. झोपू द्या त्यांना." दोन दिवस हेच. उशाशी ठेवलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र तसंच पडून राहिलं.

तिसऱ्या रात्री ताप चढला, धाप लागली. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ८८. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा.

मॅडम रागावल्या नाहीत, फक्त समजावून सांगितलं. पोट दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, खोकणं टाळतो. फुफ्फुसाच्या तळातले बारीक फुगे मिटतात, कफ साचतो, मग न्यूमोनिया. शिवाय नुसतं पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती. मला फ्लुइड मेकॅनिक्सचा तास आठवला. बुडबुड्यातला दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात; म्हणजे फुगा जितका मिटलेला, तितका तो उघडायला जोर जास्त. ज्या सूत्रावर मी पाच मार्क मिळवले, ते बाबांच्या छातीत चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता!

औषधं चालू होतीच. आता व्यायामही सुरू झाला. कुशीवर वळून, पाय खाली सोडून बसायचं. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं. यंत्राची नळी तोंडात धरून हवा आत ओढायची. बाबांनी पहिल्यांदा फुंकलीच! गोळे जागचे हलेनात. "चूल फुंकायलात का काका? आत ओढा," मॅडम हसल्या. सेकंदाला ६०० सीसी हवा ओढली की पहिला गोळा वर जातो, ९०० ला दुसरा, १२०० ला तिसरा. दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एकच गोळा नुसता थरथरला. आत्याच आकडे मोजायला बसू लागली. चौथ्या दिवशी दुसरा उचलला. माझा खांदा धरून बाबा व्हरांड्यात दहा पावलं चालले, मग जिन्यापर्यंत.

पुढे वाचनात आलं, की शिकागोच्या एमिल रीस या डॉक्टरांनी १८९९ सालीच पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला लवकर उठवावं असं लिहून ठेवलं होतं. शंभर वर्षं उलटली तरी ते आमच्या आत्यापर्यंत पोचलं नाही. आत्याचं सोडा, इंजिनियर होऊ घातलेल्या माझ्यापर्यंत तरी कुठं पोचलं होतं?

आता गावात कुणाचं ऑपरेशन झालं की बाबा केळी घेऊन भेटायला जातात. 'आराम करा' मात्र म्हणत नाहीत. विचारतात, "डॉक्टरनं उठायला सांगितलंय ना? मग ऊठ की!"