फुलायच्या आधी उपट

चि. संतोष,


यंदा सूर्यफूल घेतोयस हे वाचून बरं वाटलं. मराठवाड्यातल्या कितीतरी शिवारांतून हे पीक उठलं. ते पुन्हा लावायला धीर लागतो. खत-पाणी तू नीट बघशीलच. मला सांगायचंय ते बांधावरच्या गाजरगवताबद्दल.

हे तण पिकाच्या तोंडचा घास पळवतं, एवढंच आपण धरून चालतो. पण टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणूही त्याच्या अंगात राहतो. वरून झाड हिरवंगार, रोगाची खूण नाही. फुलकिडे त्याच्या फुलांतून परागकण माखून सूर्यफुलावर येतात, पान खरवडतात आणि त्या जखमेतून परागातला विषाणू आत शिरतो. मग पानं करपतात, शेंडा पिळवटतो, फूल वाकडं येतं. आपल्याकडे सूर्यफुलावर हा रोग १९९७ मध्ये कर्नाटकात बागेपल्लीला दिसला. २००० साली याच विषाणूने अनंतपूर जिल्ह्यातला लाखो एकर भुईमूग बसवला. नुकसान ३०० कोटींच्या वर गेलं.

बियांचं प्रकरण याहून गंभीर आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनी रोगट गाजरगवताचं बी उगवून पाहिलं, तर ४८ टक्क्यांपर्यंत रोपं विषाणू घेऊनच जन्मली. बियांत तो निदान दोन वर्षं टिकला. म्हणजे रोगट पीक काढलं, रान उन्हाळाभर मोकळं ठेवलं, तरी पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा उगवू शकतो. त्यात एकेक झाड हजारोंनी बी टाकतं.

म्हणून फुलं दिसल्यावर खुरपणी केली, तर उशीर झाला असं समज. कळी धरण्याआधीच मुळासकट उपट. परागही नाही, बीही नाही. हातमोजे घाल, या गवताने अंगाला खाज सुटते. सूर्यफुलाच्या चहूबाजूंनी ज्वारीच्या दाट ओळी पेर, बरेचसे फुलकिडे तिथेच अडतील.

फुलकिडे वाऱ्याबरोबर येतात, त्यांना हद्द कळत नाही. तेव्हा शेजाऱ्यांनाही सोबत घे. पाणंद, ओढाकाठ, शाळेमागची पडीक जागा, सगळं एकाच आठवड्यात साफ करा. हे काम पेरणीइतकंच महत्त्वाचं मान.

तुझा,
काका