पिवळा उजेड

आमच्या कोकणातल्या घरी तीन सेलची पितळी टॉर्च होती. देवघराशेजारच्या कोनाड्यात तिची जागा, आणि रात्री तिला हात लावायचा मान अण्णांचा. पावसाळ्यात गडग्यांमधल्या पाणंदीतून येताना अण्णा पुढे, आम्ही पोरं मागे. फुरसं जांभ्याच्या रंगात असं मिसळून जातं की पावलापुढची हातभर जमीन लख्ख दिसलीच पाहिजे. सेल उतरले की अण्णा ते काढून खळ्यात उन्हाला ठेवत, आणि संध्याकाळी टॉर्च पुन्हा पेटे, घटकाभर का होईना. तो चमत्कार कसा होतो, ते रसायनशास्त्र शिकताना समजलं. वापरून दमलेल्या जस्त-कार्बनच्या सेलला विसावा मिळाला की आतली रसायनं थोडी सावरतात, आणि ऊब मिळाली की आयनांची ये-जा सुकर होते. उरलीसुरली वीज मग बाहेर पडते.

तेव्हापासून सेलकडे बघायची माझी नजर बदलली. त्यात वीज किती साठली आहे हे सगळेच विचारतात. ती किती झपाट्याने बाहेर येईल, हे टॉर्चला त्याहून महत्त्वाचं. प्रत्येक सेलच्या पोटात स्वतःचा एक रोध असतो. जस्त-कार्बनचा सेल म्हणजे निमुळत्या गळ्याची सुरई. आत पाणी भरपूर, पण उपडी केली तरी धार बारीकच.

आमच्या टॉर्चच्या बल्बवर बारीक अक्षरांत कोरलेलं असे : ३.८ व्होल्ट, ०.३ ॲम्पिअर. दीड व्होल्टच्या तीन सेलचे होतात साडेचार. दोन सेलच्या टॉर्चमध्येही तीन व्होल्टच्या जागी अडीचचा बल्ब. बल्ब चालू असताना व्होल्टेज खाली येणार, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. म्हणून ‘रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचाच, त्याचा काय उजेड पडणार’ असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. तीन सेलचे ३.६ व्होल्ट होतात, आणि चांगला रिचार्जेबल सेल ते जवळजवळ संपेपर्यंत धरून ठेवतो. दीड व्होल्टवाला मात्र भाराखाली हळूहळू त्याच्याही खाली उतरत जातो.

खरी कसोटी लागते ती मोठ्या बल्बला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मायक्रोस्कोपचा ६ व्होल्ट, २० वॅटचा हॅलोजन बल्ब हाती आला. तो साडेतीन ॲम्पिअरच्या जवळपास वीज ओढतो, म्हणजे घरच्या बल्बच्या दहापटीहून जास्त. साध्या सेलवर तो नुसता लालसर होऊन राहतो. त्यालाच पाच निकेल-कॅडमियम सेल एकापुढे एक जोडून दिले आणि खोली उजळून निघाली! स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये हा सेल घडवला. पुढे निकेल-मेटल हायड्राइड आले. पण ते ठेवल्या जागी उतरत. २००५ मध्ये सान्योने बराच काळ चार्ज टिकवणारे सेल आणले, तेव्हा पावसाळी रात्रींची माझी मोठी काळजी मिटली.

इतका करंट वाहू लागला की बारीकसारीक गोष्टी बोलायला लागतात. गंजलेल्या स्प्रिंगने ओहमचा दशांश एवढाच अडथळा केला, तरी उजेडाचा सहावा हिस्सा जातो. म्हणून मी स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तांब्याची जाड तार सोल्डर करतो. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे बटण दाबताच बल्ब क्षणभर कितीतरी जास्त करंट मागतो. हलक्या स्विचचे संपर्क तिथेच जळतात. चार्जरमधून नुकतेच काढलेले पाच सेल सात व्होल्टपर्यंत जातात. दहा टक्के व्होल्टेज वाढलं तर बल्बचं आयुष्य एक-तृतीयांशावर येतं. सेल रात्रभर तसेच ठेवावेत आणि मग घालावेत.

एवढा खटाटोप आंबोलीसाठी. भर पावसात, रात्री, पाण्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडता बेडूक बसलेला असतो. अंग कोवळ्या पानाचं, आणि पाय ताणला की बोटांमधला पडदा शेंदरी-लाल. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली तो लाल विटका दिसतो. टंगस्टनच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, लालाचा भाग तर भरपूर. तिथे पडद्यातली शीरही मोजता येते. (उजेड डोळ्यांवर रोखू नये, आणि थोडं पाहून बाजूला घ्यावा. ती त्यांच्या विणीची वेळ असते.) एलईडी तेवढाच उजेड तीन-चार वॅटांत देतो, हे मान्यच. रोजच्या वाटेला तोच घ्यावा. रंग बघायचा असेल तेव्हा मी हॅलोजन नेतो.

जुन्या निकेल-कॅडमियम सेलविषयी मात्र कळकळीनं सांगायचं आहे. कॅडमियम विषारी आहे. फुटलेल्या सेलमधून ते माती-पाण्यात उतरतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ते इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवण्याची आपल्यावर. घरात जुनी टॉर्च, कॉर्डलेस फोन किंवा दाढीचं मशीन पडून असेल, तर आतले सेल घंटागाडीत टाकू नका. डब्यात साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात नेऊन द्या.