निफाडच्या थंडीवर बोल

नाशिक,
४ जानेवारी

चि. अनघा,

तुझं पत्र परवा मिळालं. गावच्या वाचनालयानं २८ फेब्रुवारीचं, विज्ञानदिनाचं व्याख्यान तुझ्यावर सोपवलं हे वाचून फार बरं वाटलं. आदल्या दिवशी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठीचा गौरव आणि लगेच दुसऱ्या दिवशी रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाचं स्मरण. हे दोन दिवस असे पाठोपाठ यावेत याचा मला नाशिककर म्हणून दरवर्षी आनंद होतो. तू विषयांची यादी पाठवून निवड माझ्यावर सोपवली आहेस: कृष्णविवरं, मंगळावरचं पाणी, डीएनए, कृत्रिम बुद्धिमत्ता. विषय सगळे चांगले आहेत. तरी मला विचारशील तर यातला एकही घेऊ नकोस. निफाडच्या थंडीवर बोल.

कारण सांगते. तुझ्यासमोर द्राक्षबागायतदार बसतील, कांदा पिकवणारे बसतील, त्यांच्या घरच्या बायका आणि पोरं बसतील. मंगळावरच्या पाण्याबद्दल तू जे सांगशील ते ही मंडळी निमूट ऐकून घेतील, कारण ते खरं की खोटं हे बघायला त्यांच्या हातात काही नाही. थंडीबद्दल मात्र कोणीतरी तुला मधेच थांबवेल आणि म्हणेल, "मॅडम, आमच्या मळ्यात असं होत नाही." तसं झालं तर व्याख्यान जमलं असं समज. चारचौघांना विज्ञान समजावून सांगायचं तर माझी पहिली अट हीच असते, की सांगितलेलं त्यांना घरी जाऊन पडताळता आलं पाहिजे.

आता विषयाकडे येते. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पेपरात बातमी असते, निफाडचा पारा घसरला. हा आकडा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो. बातमीत पुष्कळदा दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात: तापमान चार अंश, आणि पानांवरचे दवबिंदू गोठले. वाचणारा गोंधळतो. पाणी तर शून्याला गोठतं, मग चार अंशांना बर्फ कसा? कोणाला वाटतं केंद्राचा आकडा चुकला, कोणाला वाटतं बातमीदारानं मीठमसाला लावला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि त्या कशा, हे सांगण्यातच तुझं अर्धं व्याख्यान होईल.

हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. पानाचं तापमान सांगणं हे त्याचं कामच नाही. कोणतीही वस्तू, मग ती दगड असो, पान असो की आपलं अंग, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात सतत उष्णता बाहेर टाकत असते. दिवसा उन्हाची आवक या खर्चापेक्षा मोठी असते. रात्री आवक बंद होते आणि खर्च चालूच राहतो. आभाळात ढग असले तर ते त्यातली बरीच उष्णता खाली परत पाठवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली तर फारसं काही परत येत नाही. पान पातळ, त्याच्याजवळ साठवलेली उष्णता ती किती! वारा पडलेला असला तर ते भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड होतं. हवा चार अंशांवर असताना वरचं, आभाळाकडे उघडं पडलेलं पान शून्याच्या आसपास पोचलेलं असतं, आणि त्याच्यावरचं दव गोठतं.

हे कोणी तुझ्या शब्दावर मानू नये. पहाटे घराबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघायला सांग. उघड्यावरच्या गाडीचं छत आणि पुढची काच ओलीचिंब असते, आंब्याखाली किंवा पत्र्याखाली उभी असलेली गाडी कोरडी असते. एकाच गाडीत बघायचं तर आभाळाकडे तोंड असलेली पुढची काच भिजलेली आणि घराच्या भिंतीकडची बाजूची काच पुष्कळदा कोरडी. दव जर पावसासारखं वरून पडत असतं तर भिंतीकडची काच कोरडी राहायला हरकत नव्हती. म्हणून एवढ्यावर न थांबता मुलांना दुसरा प्रयोग दे. संध्याकाळी गच्चीवर थर्माकोलच्या तुकड्यावर एक काचेची ताटली आणि एक चकचकीत स्टीलची ताटली शेजारी शेजारी ठेवायची. पाऊस असता तर दोन्ही सारख्याच भिजल्या असत्या. पहाटे काचेवर दव जास्त असतं, स्टीलवर कमी, कारण चकचकीत धातू किरणांच्या रूपात उष्णता फारच थोडी टाकतो. तो काचेइतका थंड होत नाही, म्हणून त्याच्यावर हवेतली वाफ तितकी जमत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी हेच कोडं सोडवलं. ते लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री बागेत ठेवायचे, काही उघड्यावर, काही फळीखाली, आणि मग कोणत्या पुंजक्याचं वजन किती वाढलं ते तोलून बघायचे. १८१४ साली त्यांनी दवावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि रॉयल सोसायटीनं त्यांना रम्फर्ड पदक दिलं. साधनं काय, तर लोकर, फळी आणि तराजू. हे सभेत जरूर सांग. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान करता येत नाही, असं आपल्याकडची मुलं फार लवकर मानून बसतात.

मग शेकोट्यांकडे ये. थंडी वाढली की बागायतदार पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करतात आणि ठिबकनं पाणी सोडतात. का, ते तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे: घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात, मणी गुलाबी पडतात, म्हणजे पिंक बेरी येते, वर्षभराचा खर्च डोळ्यांदेखत जातो. तेव्हा हे त्यांच्याकडूनच ऐकून घे. तुला सांगायचंय ते पुढचं. निफाडच्या शिवारात पहाटे चुलीचा धूर बघितला आहेस का? तो सरळ वर जातो, एका उंचीवर अडतो आणि तिथून शेतांवर आडवा पसरतो, जणू वर छत आहे. हे छत उबदार हवेचं असतं. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. अशा रात्री मात्र जमिनीलगतची हवा सगळ्यांत थंड आणि तिच्यावरची हवा गरम, असा उलटा थर बसतो. गार हवा जड, ती नदीकाठच्या सखल जमिनीत साचते. गोदावरी, कादवा, बाणगंगा यांच्या खोऱ्यातलं निफाड नाशिक शहरापेक्षा जास्त गारठतं, त्यामागे याचा मोठा हात आहे. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत थर मोडतो आणि धूर पुन्हा मोकळा वर जाऊ लागतो.

हे कळलं की शेकोट्या लहान आणि पुष्कळ का असाव्यात ते आपोआप कळतं. बांधावर एकच मोठी आग पेटवली तर तिची गरम हवा ते छत फोडून वर निघून जाते, आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान शेकोट्यांची ऊब मात्र छताखालीच घुटमळते आणि खालची-वरची हवा ढवळली जाते. धूर जितका जास्त तितकं चांगलं, धुराचं पांघरूण होतं, असा पुष्कळांचा समज आहे. तो खोडून काढताना जपून. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीकडून निघणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा. पण ज्यानं रात्र जागून बाग वाचवली आहे त्याला "तुमचं चुकतं" म्हणून सुरुवात करू नकोस. ओला पाला जाळून नुसता धूर करण्यापेक्षा कोरडी लाकडं जाळली तर काय फरक पडतो, हे द्राक्षाच्या मंडपाखाली तापमापक टांगून बघा म्हण. तो स्वतः बघेल, आणि त्यानं बघितलेलं गाव मानेल. ठिबकचं पाणी का उपयोगी, हेही तसंच दाखव: थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यात हात घातला की ते कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान ऋतूंबरोबर फारसं हलत नाही. ते पाणी मातीत आपली ऊब सोडतं, आणि ओली माती दिवसा उन्हाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते.

ढगाळ रात्री थंडी पळते, पण मग भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या रोगांची काळजी लागते, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे. व्याख्यानात असे दुःखाचे उद्गार यायला हवेत.

नारळीकरांबद्दल तू विचारलं आहेस. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात ९४ वं साहित्य संमेलन झालं, आडगावला, आणि अध्यक्ष म्हणून जयंत नारळीकर निवडले गेले होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची चुटपुट सगळ्या मंडपाला होती. तरीही विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणाऱ्या आणि मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला मराठी साहित्यानं आपलं अध्यक्षपद दिलं, हे माझ्या शहरात घडलं याचा मला अभिमान आहे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती. आपल्या नावाचं वजन बाजूला ठेवून मजकूर तपासला जावा, ही त्यामागची वृत्ती मला फार मोठी वाटते. आणि मुलं सही मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. सही हवी तर आधी प्रश्न हवा. वाचनालयात तूही एक पेटी ठेव आणि व्याख्यानाच्या आधी प्रश्न लिहून घे.

त्यांचंच आणखी एक उदाहरण सांगते. फलज्योतिषाबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी आणि सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी आखली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, आणि ज्योतिषांना नुसत्या कुंडलीवरून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या. सत्तावीस जणांची उत्तरं आली आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर आली असती. यात कोणाला नावं ठेवलेली नाहीत. पडताळता येईल असा प्रश्न विचारला, एवढंच.

कांद्यावर प्रश्न येणारच, लासलगावची कांद्याची बाजारपेठ जवळ आहे. डोळ्यांत पाणी का येतं, याचं उत्तर दोन वाक्यांत दे: अखंड कांद्यात गंधकाची संयुगं आणि त्यांच्यावर काम करणारी विकरं पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, विळीनं पेशी फुटल्या की ती एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्यासाठी एक खास विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं, म्हणजे स्वयंपाकघरातलं इतकं जुनं कोडंही या शतकापर्यंत पुरतं सुटलेलं नव्हतं. विळीला धार असेल तर पेशी कमी चिरडतात आणि रडू कमी येतं, हे बायका तुला आधीच सांगतील. कापलेला कांदा खोलीत ठेवला की हवेतले जंतू ओढून घेतो, हा मोबाइलवर फिरणारा निरोप मात्र खरा नाही. तसं करायला कांद्याकडे काही साधनच नाही.

एका प्रश्नाला मात्र वेळ दे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं किरणन केंद्र २००२ पासून आहे. तिथं कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून सोडतात, म्हणजे मोड येण्याच्या जागेतल्या पेशींची वाढ थांबते आणि कांदा साठवणीत टिकतो. २००७ मध्ये आंबा अमेरिकेला गेला तो याच केंद्रातून प्रक्रिया होऊन. तरी "तो कांदा किरणोत्सारी होतो का?" ही भीती आहेच, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नीट सांग की कोबाल्ट कांद्याला कुठंही शिवत नाही, फक्त त्याचे किरण आरपार जातात, आणि त्या किरणांची ऊर्जा कांद्यातल्या अणूंच्या केंद्रकात बदल घडवण्याइतकी नसते. म्हणून केंद्रातून बाहेर आलेल्या कांद्यात किरण उरत नाहीत. अणू म्हटलं की बॉम्बच आठवणाऱ्या माणसाला एवढं तरी आपण धीरानं सांगायला हवं.

चित्रफिती आणि स्लाइड शक्यतो टाळ. टेबलावर दोन ताटल्या, एक कांदा, एक विळी आणि तापमापक पुरे.

तापमापक दोन पाठवते आहे, आपल्या गल्लीतला मुलगा शुक्रवारी तुमच्याकडे पिंपळगावला येतोय त्याच्याबरोबर. ते मिळाले की लगेच शाळेतल्या मुलांना कामाला लाव: एक तापमापक गवतावर उघडा, एक चार फुटांवर आडोशाला, आणि सूर्य उगवायच्या आधी दोन्हींचे आकडे वहीत. शेजारी आभाळ निरभ्र की ढगाळ, वारा होता की नव्हता, दव पडलं की नाही, तेही लिहायला सांग. २८ तारखेपर्यंत दीड महिन्याच्या वर नोंदी होतील आणि व्याख्यानात सांगायला तुमच्याच गावचे आकडे असतील. पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्या की मला पाठव. त्यातही ढगाळ रात्रींच्या नोंदी आधी पाठव, दोन आकड्यांतला फरक किती कमी होतो ते मला बघायचंय.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या