आउट तर असायलाच हवं

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मुलांना बेसबॉल टप्प्याटप्प्यानं शिकवतात. आधी टी-बॉल, म्हणजे रबरी खुंटावर ठेवलेला चेंडू मारायचा. मग प्रशिक्षक चेंडू टाकतात, आणि शेवटी मुलंच मुलांना टाकतात. यावरून पालकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, नियम सोपे करा, खेळू दे मजेत. दुसरा म्हणतो, लाड पुरे, तंत्र घोटून घ्या.

टी-बॉलमध्ये आमच्याकडे कुणी आउटच होत नसे. माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं एकदा चेंडू उचलून पहिल्या बेसवर अचूक फेकला. धावणारा मुलगा तरीही बेसवरच राहिला. "मग मी फेकला कशाला?" तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन वर्षांनी नियम एकदम खरे झाले. झोनबाहेर चार चेंडू गेले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर. आठ वर्षांच्या हातांना तो झोन काही सापडेना. एकामागून एक वॉक, आणि क्षेत्ररक्षक गवत उपटत उभे. घोटलेलं तंत्र वापरायला चेंडूच येत नव्हता. लेक खेळ सोडायचं म्हणू लागली.

लिटल लीग 1939 साली विल्यम्सपोर्टला सुरू झाली तीच बदललेल्या मापांवर. मोठ्यांच्या दोन बेसमध्ये 90 फूट, मुलांच्या 60. त्यामुळे फेक आणि धाव यांची चुरस लहान अंगालाही झेपते. आमच्या दादरच्या चाळीत 'एक टप्पा आउट' होतं, आणि चेंडू थेट भिंतीपलीकडे गेला तरी आउट. काचा वाचवायच्या नियमांनी आम्हाला चेंडू जमिनीलगत मारायला शिकवलं, प्रशिक्षक नसताना. आउट मात्र कुणी काढून टाकलं नव्हतं.

म्हणून मी नियम बदलताना दोनच गोष्टी बघते: मुलापर्यंत चेंडू जास्त वेळा येतो का, आणि त्यानं नीट केलेल्या कामानं खेळात काही फरक पडतो का?

पुढच्या हंगामात लीगनं वॉक बंद केले. चार चेंडू बाहेर गेले की प्रशिक्षक येऊन पुढचे टाकत. लेकीकडे एका डावात तीन-तीन चेंडू येऊ लागले. त्यातला एखादा सुटायचा, एखाद्यावर कुणीतरी आउट व्हायचं. खेळ सोडायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.