अंतराळातले चाचे आणि आमचा माळा

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सांगितले की, चौथीच्या प्रत्येकाने आपल्या मनाने काहीतरी लिहून आणायचे. फक्त गाय, पावसाळा आणि माझी सहल हे विषय घ्यायचे नाहीत. कारण मागच्या वेळी भिंतीवर सात गायी झाल्या होत्या.

म्हणून मी गोष्ट लिहिली. तिचे नाव 'अंतराळातले चाचे'. चाचे म्हणजे जहाजे लुटणारे दरोडेखोर. हा शब्द आम्हाला इतिहासाच्या तासाला आला होता. माझ्या गोष्टीत पृथ्वीच्या वर खूप लांब एक स्टेशन एकटेच फिरत असते. त्यात सहा शास्त्रज्ञ राहतात. मग काळ्या रॉकेटातून पन्नास चाचे येतात, दोर टाकून वर चढतात, तोफा धडाडतात, सगळे चाचे मरतात आणि शास्त्रज्ञ पेढे वाटतात. दोन पाने भरली. रंगीत खडूने चित्रही काढले.

गुरुजी पेढ्यांपाशी आल्यावर हसले. मग त्यांनी वहीत खाली तांबड्या पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले. चाचे तिथे पोहोचले कसे? लुटण्यासारखे तिथे आहे काय? आणि आतली माणसे कुठे पळाली? म्हणाले, "याची उत्तरं शोध, मग भिंतीवर लावू." मला आधी रागच आला. गायीवाल्यांना कोणी प्रश्न विचारले नव्हते.

पण गुरुजींकडे वर्तमानपत्राच्या कात्रणांची एक जाड वही आहे. ती त्यांनी मला चार दिवस मधल्या सुट्टीत वाचायला दिली. जे कात्रणात नव्हते ते त्यांनी सांगितले.

खरोखरचे स्टेशन आहे. त्याला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक म्हणतात. २००० सालच्या नोव्हेंबरपासून तिथे माणसे राहतात, एक दिवसही ते रिकामे पडलेले नाही. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचावर आहे. मला वाटले होते लाखो किलोमीटर असेल. मुंबई ते कोल्हापूरसुद्धा जवळपास तेवढेच आहे, पण एस.टी. वर जात नाही. ते स्टेशन एका सेकंदात साडेसात किलोमीटरांहून जास्त पळते. आमच्या गावापासून तालुका आठ किलोमीटर आहे. म्हणजे एस.टी.त बसून घंटी वाजेपर्यंत ते तालुक्याला पोहोचले असते. दीड तासात पृथ्वीला एक फेरी आणि दिवसाला सोळा फेऱ्या.

आता चाच्यांचे पाहा. तेवढ्याच वेगाने पळत गेल्याशिवाय त्यांना स्टेशनला हात लावता येणार नाही. २०२५ साली आपले शुभांशु शुक्ला तिथे गेले, ते २५ जूनला निघाले आणि २६ जूनला पोहोचले. हळूहळू जवळ जावे लागते. शेवटी तोंडाला तोंड अगदी बरोबर जुळावे लागते, जशी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना पिन बसावी लागते तशी. जरा वाकडे झाले तर बसत नाही. म्हणजे चोर येतोय हे आधीच कळणार. माझे दोर टाकणारे पन्नास चाचे तिथेच मेले.

लुटण्यासारखे काय आहे, हे वाचून तर आमच्या बाकावरची सगळी मुले हसून हसून लोळली. तिथे सोने नाही, पैसा नाही. सगळ्यात मोलाचे पाणी. ते तिथे आडातून येत नाही. सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात आहे, पण महाराजांनी तो बांधला त्या बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. वरच्या स्टेशनला कुठली बाव? म्हणून तिथे माणसांचा घाम आणि लघवी यंत्रातून गाळून त्याचेच परत प्यायचे पाणी करतात. २०२३ साली तर शंभरातले ९८ भाग पाणी परत मिळू लागले. ते स्वच्छ असते, असे गुरुजींनी तीनदा सांगितले. पण चाच्यांनी एवढे लढून पिंप पळवले आणि मग त्यांना कळले की आपण काय पितोय, तर त्यांचे तोंड कसे होईल!

तरी पण माझी एक गोष्ट खरी निघाली. तोफ! रशिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. त्यांनी १९७४ साली सॅल्यूट-३ नावाचे स्टेशन वर सोडले होते आणि त्याला खरोखरची तोफ बसवली होती. कोणी शत्रू यान घेऊन चालून आला तर असावी म्हणून. पण ती तोफ आपली आपण वळत नव्हती. नेम धरायला सगळे स्टेशनच वळवावे लागे. बैलगाडीच्या धुरीला बंदूक बांधली तर बैलांसकट गाडी फिरवावी लागेल, तसे. १९७५ च्या जानेवारीत आत कोणी माणूस नसताना जमिनीवरून हुकूम देऊन ती उडवून पाहिली. मग ते स्टेशन खाली पाडले. त्याच्यावर चाल करून कधी कोणी आलेच नाही.

मी गुरुजींना विचारले, "मग वर भ्यायचं कशाला?" गुरुजी म्हणाले, "दगडांना."

ते दगड म्हणजे माणसांनीच टाकलेला कचरा. मोडकी याने, रॉकेटांचे तुकडे, खिळे. ते वर गोळा होऊन फिरत बसलेत आणि स्टेशनसारखेच जोरात पळतात. १९८३ साली चॅलेंजर नावाच्या यानाच्या खिडकीला रंगाचा एक पोपडा लागला. साधा रंगाचा पोपडा! पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात तो वाळून निघतो, त्याहून बारीक. त्याने काचेत खड्डा पाडला. २०२१ साली स्टेशनच्या यांत्रिक हाताला छिद्र सापडले, ते असेच कशाने तरी पडलेले.

बारीक तुकड्यांसाठी स्टेशनला दुहेरी भिंत आहे. बाहेरच्या पातळ पत्र्यावर तुकडा आपटला की त्याचा भुगा होतो आणि तो भुगा आतल्या भिंतीला फारसे काही करू शकत नाही. मोठे तुकडे जमिनीवरून यंत्रांना दिसतात, मग स्टेशन थोडे बाजूला सरकवतात. पण लिंबाएवढे मधले असतात, ते मोठ्यांसारखे नीट दिसतही नाहीत आणि भिंतीला ऐकतही नाहीत. मला वाटते खरे चाचे हेच.

१५ नोव्हेंबर २०२१ ला काय झाले ते मी दोनदा वाचले. रशियाचा १९८२ साली सोडलेला एक उपग्रह वर मरून पडला होता. रशियाने स्वतःच खालून अस्त्र मारून तो फोडला. त्याचे दीड हजारांहून जास्त मोठे तुकडे झाले, बारीक किती त्याला मोजदाद नाही. तेव्हा स्टेशनात सात माणसे होती. त्यातली दोन रशियाचीच होती, म्हणजे त्यांच्याच घरचा दगड त्यांच्यावर आला. अमेरिकेचे राजा चारी पण होते. त्यांचे वडील भारतातून तिकडे गेलेले. त्या सगळ्यांना झोपेतून उठवले. स्टेशन दर दीड तासाने त्या तुकड्यांच्या जवळून जाणार होते.

गुरुजींचा तिसरा प्रश्न हाच होता, आतली माणसे कुठे पळाली? पळायला जागाच नव्हती. खाली चारशे किलोमीटर पोकळी. त्यांनी मधली दारे लावली. तिघे एका यानात जाऊन बसले, चौघे दुसऱ्या यानात. ती याने स्टेशनला जोडलेलीच असतात, भोक पडले तर सोडून निघायचे म्हणून. दोन तास ते तसेच बसले. काही झाले नाही. मग ते परत आपल्या कामाला लागले.

हे वाचल्यावर माझ्या पोटात कसेतरी झाले. म्हणजे तेही लपलेच की. शूर लोकसुद्धा लपतात. पण ते सारखे रेडिओवर खाली सांगत होते, आम्ही इथे आहोत, दार लावले, तिघे इकडे, चौघे तिकडे. मी सांगितले नव्हते.

ते आता लिहिते.

आमच्या ओढ्याकाठच्या रानात ज्वारी आहे. मधे माळा आहे. चार मेढी पुरून वर फळ्या टाकल्यात आणि कडब्याची आडोशी केलीय. दिवसा पाखरे राखायची गोफणीने आणि रात्री रानडुकरे राखायची डबा वाजवून. रात्रीला आमचे आबा असतात. दुसऱ्या दिवशी शाळा नसली की मी पण आबांबरोबर माळ्यावर जाते. जवळपास घर नाही, दिवा नाही. मला माळा फार आवडतो.

पंधरा दिवसांपूर्वीच्या शनिवारी गुरुजींनी मोबाईलमध्ये बघून सांगितले होते की आज अंधार पडताना स्टेशन दिसेल. मी आणि आबा माळ्यावर उभे राहून बघत होतो. ते मावळतीकडून आले. चांदणीसारखेच, पण सगळ्या चांदण्यांपेक्षा तेज आणि न लुकलुकता सरळ चालत जाणारे. आबा म्हणाले, "इमान हाय ते." मी म्हणाले, "आबा, इमान न्हाय, त्यात माणसं ऱ्हात्यात. त्येला दिवा नाही. आपल्याकडं दिवस बुडाला तरी तिथं वर ऊन असतं, ते ऊन चमकतं." आबांनी टोपी काढून पाहिले. चार मिनिटांनी ते सावलीत शिरले आणि मधेच विझले. आबा बराच वेळ वरच बघत होते. मग म्हणाले, "आपल्यावानीच माळ्यावर हायती म्हणायची."

त्याच रात्री डुकरे आली.

आबा बॅटरी घेऊन वरल्या बांधाकडे बघायला गेले होते. जाताना मला म्हणाले, "डबा वाजवत ऱ्हा. काय हाललं तर जोरात वाजव, म्या येतो." मी थोडा वेळ वाजवला. मग ओढ्याकडून धाटे मोडल्याचा कडकड आवाज आला. एक नाही, पाच-सहा जागी. आणि घुरघुर. माळ्याच्या अगदी खाली. माझ्या हातात काठी होती आणि पुढ्यात डबा होता. माझा हात उचललाच नाही. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि तोंडात बोळा कोंबला. आबांना हाकसुद्धा मारली नाही.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. डब्याचा आवाज थांबला म्हणून आबाच ओरडत पळत आले. अंधारात बांधावरून पडले. त्यांचा गुडघा आधीच दुखतो, त्याच्यावरच पडले. डुकरे पळाली, पण माळ्याखालची सगळी कणसे आडवी झाली होती. आबा लंगडत वर आले आणि पहिल्यांदा माझ्या अंगावरून हात फिरवून पाहिला. मी झोपल्याचे सोंग केले. आबांना ते कळले असणार, कारण झोपलेल्या माणसाचे दात वाजत नाहीत.

सकाळी दादा म्हणजे माझे वडील रानात आले. म्हणाले, "एवढं माळ्याबुडी आली आन् डबा कसा वाजला न्हाय?" मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी होते. आबा म्हणाले, "मलाच डुलकी लागली." दादा काही रागाने बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "आबा, आता तुमच्यानं राखण हुईना. उद्यापास्नं तुम्ही घरीच निजा."

तेव्हापासून दादाच राखणीला जातात. आबा ओट्यावर निजतात. रात्री कुत्रे भुंकले की उठून बसतात आणि रानाच्या दिशेने बघतात. माझ्याशी पहिल्यासारखेच बोलतात, शेंगा फोडून देतात. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटते. त्यांनी रागावायला पाहिजे होते.

हे सगळे मी परवा गुरुजींना लिहून दाखवले. तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर आली म्हणाले. मग त्यांनी विचारले, "हे असंच भिंतीवर लावू? शुक्रवारी पालकसभा आहे. तुझे वडील येतील, सगळं गाव वाचील. शेवटचं पान काढून फक्त अंतराळाचं ठेवलं तरी चालेल." मी घरी जाऊन रात्रभर विचार केला. शेवटचे पान काढले तर ते छान दिसले असते, चित्रासकट. पण सकाळी मी सांगितले, लावा.

दादा, तुम्ही हे वाचत असाल तर डबा माझ्याजवळ होता. आबा जागे होते. त्यांना डुलकी लागली नव्हती.

आणि गुरुजींनी परत मोबाईल बघितला आहे. येत्या शनिवारी दिवस बुडाल्यावर स्टेशन पुन्हा आपल्यावरून जाणार आहे. गावात खांबावरचे दिवे लागतात, त्यामुळे नीट दिसत नाही. ते माळ्यावरून चांगले दिसते. आबांना आणि मला शनिवारी जाऊ द्या. काठी मी डब्यालाच बांधून ठेवीन.